इंग्रजी कादंबरीतील प्रेम, लग्न आणि नकार



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय आणि त्याच्याखाली आमचे नाव वाचून पुष्कळांना हसू आले असेल. बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी कामगार या विषयांवर आम्ही बोललो असतो तर कोणाला नवल वाटले नसते. पण युनियनचे काम करणाऱ्या माणसाने प्रेमावर आणि लग्नावर बोलावे, आणि तेही इंग्रजी कादंबऱ्यांतल्या, हा काय प्रकार आहे, अशी शंका येणे साहजिक आहे. त्या शंकेचे निरसन आधी केले पाहिजे.

आमचे शाळेचे शिक्षण आठवीत संपले. पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खात्यात आणि युनियनच्या कचेरीत झाले. इंग्रजी आम्ही शिकलो ते कामगार न्यायालयाचे निवाडे वाचता यावेत म्हणून. वकिलाने सांगितले तेवढेच खरे मानायचे, ही अवस्था आम्हांला सोसवेना. निवाड्यांसाठी घेतलेला शब्दकोश मग रिकामा कशाला ठेवायचा, म्हणून रद्दीच्या दुकानातून इंग्रजी कादंबऱ्या आणल्या आणि रात्री वाचू लागलो. त्या वाचताना आमची जुनी सवय काही सुटली नाही. करार हातात आला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. कोण काय देतो? कोण काय घेतो? आणि सही करणाऱ्याला सही न करण्याची मोकळीक होती का? या तीन प्रश्नांनिशी आम्ही इंग्रजी कादंबऱ्यांतली लग्ने वाचली. त्यातला तिसरा प्रश्न हाच आमच्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

इंग्रजी कादंबरी म्हणजे प्रेमकथा, शेवटी चर्चची घंटा आणि सुखाचा संसार, असा आपला एक समज आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. पण या कादंबऱ्यांतले मोठे प्रसंग काढून पाहा. नायिकेने 'हो' म्हटले तो प्रसंग बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेला असतो. जो प्रसंग वाचकाच्या मनात वर्षानुवर्षे राहतो, तो तिने 'नाही' म्हटल्याचा असतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखकांनी, आणि विशेषतः लेखिकांनी, एक गोष्ट ओळखली होती. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला प्रेम म्हणता येत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, या म्हणीतल्या हरीला गाढवाबद्दल प्रेम होते असे कोणी म्हणेल काय?

जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ साली प्रसिद्ध झाली. तीत बेनेट नावाचे एक मध्यम प्रतीचे जमीनदार कुटुंब आहे. वार्षिक उत्पन्न दोन हजार पौंड, आणि पाच मुली. मुलगा नाही. इस्टेट अशा अटीने बांधलेली आहे की ती पुरुष वारसाकडेच जावी. म्हणजे बाप डोळे मिटतो न मिटतो तोच घर कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातलगाचे होणार आणि आई व मुली रस्त्यावर येणार. या वर्गातल्या मुलीला त्या काळी नोकरी नाही, धंदा नाही. दुसऱ्याच्या घरी राहून मुले शिकविणारी गव्हर्नेस होणे, एवढा एकच बरा म्हणावा असा मार्ग, आणि त्यात मान चाकराहून थोडाच अधिक. तेव्हा लग्न हाच तिचा रोजगार होता. आई मुलींच्या लग्नासाठी जी धावपळ करते तिला वाचक हसतात. आम्ही मात्र फार हसू शकलो नाही. कारखाना बंद पडणार हे ज्याला दिसते आहे, तो माणूस असाच धावतो.

हा कॉलिन्स दुसरी मुलगी एलिझाबेथ हिला मागणी घालतो. हा पाद्री मूर्ख आहे, पण हिशेबात पक्का आहे. आईच्या पश्चात तुला चार टक्के व्याजाचे एक हजार पौंड तेवढे मिळणार, हे तो तिला मागणीच्या भाषणातच ऐकवतो. म्हणजे वर्षाचे चाळीस पौंड. शिवाय तुला दुसरी मागणी येईलच याची खात्री नाही, हेही सांगतो. आमच्या अनुभवाच्या माणसाला ही भाषा नवी नाही. बाहेर फाटकापाशी किती जण उभे आहेत ते पाहा, असे वाटाघाटीच्या टेबलावर आम्हांलाही ऐकविलेले आहे. एलिझाबेथ नाही म्हणते. कॉलिन्सला ते खरेच वाटत नाही. बायका लाजून आधी नाही म्हणतात, अशी त्याची समजूत आहे. पुन्हा पुन्हा सांगूनही नकार हा नकार म्हणून ऐकलाच जात नाही, हा या प्रसंगातला विनोद. आणि आमच्या मते हेच त्यातले दुःख.

पण ऑस्टिन तेथे थांबत नाही. तीन दिवसांच्या आत तोच कॉलिन्स एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकस हिला मागणी घालतो आणि ती हो म्हणते. शार्लट सत्तावीस वर्षांची आहे, रूप बेताचे, पैसा नाही. कॉलिन्स कसला माणूस आहे हे तिला पुरते ठाऊक आहे. तिला डोक्यावर छप्पर पाहिजे, आणि ते ती मिळविते. पुढे एलिझाबेथ तिच्या घरी जाते तेव्हा तिच्या ध्यानात येते की, शार्लटने आपली बसण्याची खोली मुद्दाम घराच्या मागच्या बाजूला ठेवली आहे. पुढची खोली अधिक चांगली, पण तेथे नवरा घटकेघटकेला येऊन बसला असता. केवढा संसार एका खोलीच्या निवडीत सांगितला आहे! लेखिका शार्लटची निंदा करीत नाही. एलिझाबेथ रागावते, पण वाचकाला शार्लटचेही पटते. संपातून आधी कामावर जाणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या पिठाचा डबा पाहिला, म्हणजे आपल्याला जसे त्याचे पटते, तसे.

यानंतर येतो डार्सी. वर्षाला दहा हजार पौंडांचा धनी. तोही एलिझाबेथला मागणी घालतो. पण तुझे घराणे हलके, तुझी माणसे हलकी, तरीही मी तुला पत्करतो, असा त्याचा सूर असतो. नकार येईल हे त्याच्या स्वप्नातही नाही. आणि एलिझाबेथ त्यालाही नाही म्हणते. आमच्या मते इंग्रजी कादंबरीतल्या प्रेमाचा खरा आरंभ येथे आहे. त्या नकाराने डार्सीला जन्मात प्रथमच स्वतःकडे पाहावे लागते. तो बदलतो, तीही त्याच्याविषयीची काही मते बदलते, आणि दुसऱ्या वेळी जेव्हा तो विचारतो तेव्हा खरोखर विचारतो. पहिल्या वेळी तो हुकूम देत होता. समोरचा नाही म्हणू शकतो, हे कळल्यावाचून कोणताही बळकट पक्ष वाटाघाटीला बसत नाही. घरातही बसत नाही आणि कारखान्यातही बसत नाही.

हे लिहिणाऱ्या बाईने हा नकार स्वतः दिलेला होता. १८०२ च्या डिसेंबरात हॅरिस बिग-विदर नावाच्या मोठ्या इस्टेटीच्या वारसाने जेन ऑस्टिनला मागणी घातली. तिने संध्याकाळी हो म्हटले आणि सकाळी उठून शब्द परत घेतला. सत्ताविसावे वर्ष पुरे व्हायला तिला दोन आठवडे होते. शार्लट लुकसचे वय तेच, हे ध्यानात ठेवा. त्या एका रात्रीची किंमत तिने पुढे दिली. १८०५ साली वडील वारले आणि आई व दोघी बहिणी भावांनी दिलेल्या पैशांवर राहू लागल्या. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने ११० पौंडांना विकले. तिला १५० हवे होते. १८१७ साली वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ती गेली. जगाला तिने जे दिले आणि तिला जे मिळाले, त्याचा हिशेब मांडला तर आमच्यासारख्याला मागणीपत्र लिहावेसे वाटते.

आता लग्नानंतर काय, ते पाहू. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्न झाले की नवरा आणि बायको मिळून कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती होत असे, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. तिचा पैसा त्याचा, तिची मिळकत त्याची, मुलेही त्याची. आमच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि उचल नवऱ्याच्या हातात देतात. तिकडे सबंध देशाचा कायदाच तसा होता, असे समजा. शार्लटची बहीण ॲन ब्राँटे हिने 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' या १८४८ च्या कादंबरीत हेच मांडले. तिची नायिका हेलन व्यसनी नवऱ्यापासून मुलाला घेऊन पळण्याचा बेत करते. चित्रे काढून पोट भरावे असे तिने योजलेले असते. नवऱ्याला सुगावा लागतो, आणि तो तिचे रंग आणि कुंचले आगीत टाकतो. कामगाराची हत्यारे जप्त करावी तसेच हे. तरीही ती पुढे जाते, आणि खोटे नाव घेऊन राहते.

कायदा हलला तो हळूहळू. लग्न झालेल्या स्त्रीची कमाई तिची स्वतःची, हे इंग्लंडात कायद्याने ठरले १८७० साली. आणि तिची सर्व मालमत्ता तिची, हे १८८२ च्या कायद्याने. या मागणीसाठी १८५६ साली पार्लमेंटकडे जो अर्ज गेला, त्यावर कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल हिची सही होती. आमच्या कचेरीत एकदा एक भगिनी आल्या. त्यांचे म्हणणे एवढेच की, 'दादा, माझा पगार माझ्याच हातात द्यायला सांगा.' कायदा त्यांच्या बाजूचा होता, पण पाकीट मात्र त्यांच्या नवऱ्याच्या हाती जात होते. आम्ही ते पाकीट त्यांच्या हाती देवविले. त्या दिवसापासून हा १८७० चा कायदा आम्हांला पुस्तकातला वाटत नाही.

शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' १८४७ साली आली. शार्लटने स्वतः गव्हर्नेसची नोकरी केली होती. १८४१ साली तिचा पगार वर्षाला २० पौंड ठरला, आणि त्यातून धुलाईचे ४ पौंड कापून घेत. या कपातीचा अनुभव घेतलेल्या बाईने लिहिलेली नायिका पगाराला विसरत नाही. जेनला मालकाच्या घरी वर्षाला ३० पौंड मिळतात. मालक रॉचेस्टर तिच्या प्रेमात पडतो, लग्न ठरते, तो तिला रेशमी कापडे आणि दागिने घ्यायला नेतो. तेव्हा ही मुलगी हरखून जात नाही. तिला घुसमटल्यासारखे होते. लग्नानंतरही मी तुमच्या घरच्या मुलीला शिकवीन आणि माझे ३० पौंड घेईन, असे ती त्याला बजावते. लोकांना हा हट्ट वाटतो. आम्हांला त्यात शहाणपण दिसते. आपण ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्यावर पोटासाठी अवलंबून राहावे लागले, तर ते प्रेम की चाकरी हे पुढे आपले आपल्यालाच कळेनासे होते.

ऐन लग्नाच्या वेळी उघड होते की, रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत आहे आणि त्याच घराच्या माळ्यावर कोंडलेली आहे. रॉचेस्टर विनवतो की, चल, परदेशी जाऊन राहू. जेनचे त्याच्यावर प्रेम आहे. तिला कोणी नातलग नाही. तिने हो म्हटले तर कोणाचे काही बिघडत नाही. तरीही ती पहाटे घर सोडते. खिशात जे काही शिलिंग आहेत ते गाडीभाड्यात जातात, गाठोडे गाडीत राहते, आणि दोन दिवस ती भाकरीच्या तुकड्यासाठी दारोदार फिरते. डुकरासाठी ठेवलेली थंड लापशी मागून खाते. नकाराची किंमत इतकी उघडी इंग्रजी कादंबरीत पूर्वी क्वचितच कोणी दाखविली असेल.

पुढे सेंट जॉन नावाचा पाद्री तिला आसरा मिळवून देतो. त्याला हिंदुस्थानात मिशनरी म्हणून यायचे आहे. तिने बायको होऊन बरोबर यावे असा त्याचा आग्रह. ती त्याच्यासाठी हिंदुस्थानी भाषा शिकू लागलेली असते. बहीण म्हणून, सहकारी म्हणून येते, असे ती म्हणते. बायको म्हणून नाही. कारण त्याला बायको नको आहे, कामाला माणूस हवे आहे. रॉचेस्टरने प्रेमाच्या नावाने लग्नाशिवाय राहायला सांगितले, सेंट जॉनने धर्माच्या नावाने प्रेमाशिवाय लग्न करायला सांगितले. तिने दोघांनाही नाकारले. चुलत्याचे २०,००० पौंड तिला आधीच मिळालेले असतात. ती ते सेंट जॉन, त्याच्या दोघी बहिणी आणि स्वतः असे चौघांत सारखे वाटते, आणि आपले ५,००० पौंड घेऊन आंधळ्या झालेल्या रॉचेस्टरकडे आपल्या पायांनी, आपल्या खुशीने परत जाते. त्याची पहिली बायको तोवर आगीत मेलेली असते.

त्या माळ्यावरच्या बाईकडे मात्र डोळेझाक करता येत नाही. तिचे नाव बर्था. ती जमेकाची. थोरल्या मुलाला इस्टेट अखंड राहावी म्हणून बापाने धाकट्या रॉचेस्टरचे लग्न तिच्या ३०,००० पौंडांशी लावले. तिला कोणी विचारले होते का? सबंध कादंबरीत तिला बोलू दिलेले नाही. जीन ऱ्हिस या लेखिकेने १९६६ साली 'वाइड सरगासो सी' लिहून तिची बाजू मांडली. एकीच्या नकाराची कथा आपण वाचतो आहोत तेव्हा त्याच घरात एक बाई अशीही आहे, जिला नकाराचा शब्दच मिळाला नाही, हे विसरू नये.

येथवर आम्ही बरे खाऊनपिऊन असलेल्या लोकांविषयी बोललो. आता आमच्या धंद्यातल्या माणसाकडे येऊ. डिकन्सची 'हार्ड टाइम्स' १८५४ साली आली. तीत स्टीफन ब्लॅकपूल नावाचा यंत्रमागावरचा विणकर आहे. त्याची बायको दारूने वाया गेलेली. त्याचे मन रेचेल या दुसऱ्या कामगार स्त्रीवर आहे, पण दोघेही मर्यादा सोडत नाहीत. एका दुपारी तो मालक बाउंडरबी याला विचारायला जातो की, या लग्नातून सुटायला कायदा आहे का? मालक जेवता जेवता सांगतो की, कायदा आहे, पण तो तुझ्यासाठी नाही. या कोर्टात दावा, त्या कोर्टात दावा, शेवटी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा, आणि खर्च हजार ते दीड हजार पौंड, कदाचित त्याच्या दुप्पट. डिकन्सने हे अतिशयोक्तीने लिहिलेले नाही. १८५७ साली घटस्फोटाचे कोर्ट निघाले तोवर इंग्लंडात खरोखरीच पार्लमेंटकडे जावे लागे. आणि त्या १८५७ च्या कायद्यातही नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे; बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा परित्याग यांसारखे दुसरे कारणही सिद्ध करावे लागे. हा भेद गेला १९२३ साली.

याच पुस्तकात हा बाउंडरबी पन्नाशीत वीस वर्षांच्या लुइझाशी लग्न करतो. तिचा बाप आकड्यांचा भक्त. वयातल्या अंतराची तिची शंका तो निरनिराळ्या देशांतल्या विवाहांची आकडेवारी सांगून दूर करतो. त्यात हिंदुस्थानचेही आकडे येतात. पुढे लुइझा माहेरी परत येते, तेव्हा बाउंडरबी तिचे सामान पाठवून देतो आणि मोकळा होतो. स्टीफन मात्र मरेपर्यंत मोकळा होत नाही. या पुस्तकात स्लॅकब्रिज नावाचा युनियनचा पुढारी आहे आणि तो केवळ आरडाओरडा करणारा ढोंगी दाखविला आहे. प्रेस्टनच्या संपाच्या वेळी, १८५४ च्या जानेवारीत, डिकन्स स्वतः तेथे गेला होता, आणि कामगारांची सभा किती शिस्तीने चालली ते त्याने साप्ताहिकात लिहिलेही होते. कादंबरीत ते उतरले नाही, हे आम्ही सांगितलेच पाहिजे. पण लग्नाच्या कायद्यालाही दोन दरवाजे असतात, एक पैसेवाल्यांचा आणि एक बिनपैशाचा, हे त्याने जितक्या स्वच्छ शब्दांत सांगितले तितके दुसऱ्या कोणी सांगितले नाही.

डिकन्सच्याच साप्ताहिकात त्या पाठोपाठ एलिझाबेथ गॅस्केलची 'नॉर्थ अँड साउथ' आली. कापडगिरण्यांचे गाव, संप, गिरणीमालक थॉर्नटन आणि दक्षिणेकडून आलेली मार्गारेट हेल. जमाव थॉर्नटनच्या दारावर चालून येतो तेव्हा ती त्याच्या आड उभी राहते. ते प्रेम समजून तो दुसऱ्या दिवशी मागणी घालतो, आणि ती नाही म्हणते. या नकाराचे काम डार्सीच्या नकारासारखेच आहे. पण येथे मालक आणखी एक गोष्ट शिकतो. युनियनचा माणूस निकोलस हिगिन्स याच्याशीही तो माणसासारखा बोलू लागतो. शेवटी थॉर्नटन बुडतो आणि मार्गारेटला वारसा मिळतो. ती त्याला भांडवल देऊ करते, आणि त्या हिशेबाच्या कागदांवरच दोघांचे मन उघडे होते. ज्याला घरात नकार ऐकता आला, त्याला कारखान्यातही ऐकता येतो, असे गॅस्केलबाईंना म्हणायचे आहे, असे आम्हांला वाटते.

जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' १८७१-७२ साली प्रसिद्ध झाली. तीतली डोरोथिया वृद्ध पंडिताशी आपल्या खुशीने लग्न करते आणि पस्तावते. तो मरतो, पण मृत्युपत्राला एक पुरवणी जोडून जातो की, हिने लॅडिस्लॉशी लग्न केले तर माझ्या इस्टेटीतले तिला काही मिळू नये. मेलेल्या नवऱ्याचा हात जिवंत बाईच्या मनगटावर! डोरोथिया ती इस्टेट सोडते आणि लॅडिस्लॉला पत्करते. पण लेखिका प्रामाणिक आहे. डोरोथियाचे स्वतःचे वर्षाला ७०० पौंड आहेत, हे ती आपल्याला विसरू देत नाही. आणि नुसत्या प्रेमाने सगळे साधते असेही ती म्हणत नाही. डॉक्टर लिडगेट आणि रोझमंड यांचे लग्न प्रेमाचेच, पण सामानसुमानाच्या कर्जात दोघांची मने करपून जातात. ही लेखिका, खरे नाव मेरी ॲन एव्हान्स, १८५४ पासून १८७८ पर्यंत जॉर्ज लुइस यांच्याबरोबर पत्नीसारखी राहिली. त्यांना पहिल्या पत्नीपासून घटस्फोट मिळू शकत नव्हता. सख्ख्या भावाने तिच्याशी संबंध तोडला, आणि १८८० साली तिने दुसऱ्याशी रीतसर लग्न केले तेव्हा कुठे त्याचे पत्र आले.

आता शेवटचे पुस्तक, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत जड. टॉमस हार्डीची 'टेस' १८९१ ची. टेस खेड्यातल्या गरीब घरातली मुलगी. अलेक नावाचा श्रीमंत तिचा घात करतो. पुढे एंजल क्लेअर या सुशिक्षित तरुणाशी तिचे लग्न होते. लग्नाच्या रात्री तो आपले पूर्वीचे स्खलन सांगतो, ती तत्काळ क्षमा करते. मग ती आपल्यावर गुदरलेले सांगते, आणि तो तिला सोडून जातो. टेस शेतमजुरी करते. दगडाळ माळावर थंडीपावसात सलगम खणते, मळणीयंत्रावर दिवसभर उभी राहते. अलेक तेथे पुन्हा येतो, मदत देऊ करतो. ती नाही म्हणते. एकदा नाही, अनेकदा. तिच्या अंगात एलिझाबेथइतके आणि जेनइतके बळ आहे.

मग बाप मरतो. त्यांचे घर तीन माणसांच्या हयातीपुरत्या करारावर होते आणि बाप त्यातला शेवटचा. करार संपला, घर गेले. आई आणि लहान भावंडे सामान गाडीवर लादून निघतात, ठरलेली खोली मिळत नाही, आणि सारे कुटुंब चर्चच्या भिंतीशी पलंग मांडून रात्र काढते. त्यानंतर टेस अलेककडे जाते. तेथून कथा खुनाकडे आणि फाशीकडे जाते. समीक्षक दैव, नियती असे पुष्कळ सांगतात. आम्हांला त्यात एक संपलेला करार दिसतो. टेसचे मन मोडले नव्हते. तिच्या नकाराच्या पायाखालची फरशी काढून घेतली गेली. संप किती दिवस टिकेल हे पुढाऱ्याच्या भाषणावर ठरत नाही, घरातल्या पिठावर ठरते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

कोणी म्हणेल, ही सारी विलायतेची कथा. तिचा आमच्याशी काय संबंध? एक संबंध कायद्यानेच जोडलेला आहे. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठ्या झाल्यावर त्यांनी त्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. बायकोने नांदायला यावे असा हुकूम मागण्याचा हा दावा मुळात इंग्रजी कायद्यातला. हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, असे न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली निकाल देताना म्हटले. अपिलात तो निकाल फिरला. १८८७ साली हुकूम झाला की, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करते असे कळविले. आणि गंमत पाहा, ज्या १८८४ साली हा दावा लागला, त्याच साली इंग्लंडने अशा नकाराबद्दलची तुरुंगाची शिक्षा आपल्याकडे रद्द केली होती! शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन नवऱ्याने हक्क सोडला. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरतेला त्यांनी वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली. कादंबरीत जे घडते ते आपल्या मुंबईत एका बाईने कोर्टात उभे राहून घडविले.

मंडळी, आमच्या बोलण्याचा मथितार्थ एवढाच आहे. एलिझाबेथकडे शार्लटपेक्षा फारसे अधिक नव्हते, तरी तिने नाही म्हटले. म्हणून माणूस नुसत्या हिशेबाचा बनलेला नाही, हे खरे. पण टेसकडे तेवढेच धैर्य होते आणि ती बुडाली, हेही तितकेच खरे. धैर्य असणाऱ्यांनीच नकार द्यावा आणि बाकीच्यांनी मुकाट सही करावी, ही व्यवस्था चांगली नव्हे. साध्यासुध्या, भित्र्या माणसालाही नाही म्हणता यावे म्हणून कायदा लागतो, हातात स्वतःचा पगार लागतो, आणि पाठीशी चार माणसे लागतात. कारखान्यात आम्ही ज्याला युनियन म्हणतो त्याचे काम हेच. घरात हे काम आईबापांनी आणि भावांनी करायचे आहे.

मुलीला विचारून लग्न ठरवतो, असे आज पुष्कळ घरांत अभिमानाने सांगतात. चांगली गोष्ट आहे. पण आमच्यासारख्या करार वाचणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. तिने नाही म्हटले, तर दुसऱ्या दिवशी तिच्या ताटाची जागा घरात होती तशीच राहील ना? ती राहणार असेल, तरच तिच्या होकाराला काही अर्थ आहे.